उणे चाळीस अंशांतील सापळे

जॅक लंडन या अमेरिकन लेखकाची 'टू बिल्ड अ फायर' ही कथा आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. कॅनडाच्या वायव्येकडील युकॉन प्रदेशात, शून्याखाली ७५ अंश फॅरनहाइट थंडीत, एक माणूस कुत्र्याला बरोबर घेऊन एकटाच वाटेला लागतो. बर्फाखाली लपलेल्या पाण्यात त्याचे पाय भिजतात. तो शेकोटी पेटवतो, पण पेटवतो ती बर्फाने लादलेल्या झाडाखाली. फांद्यांवरचा बर्फ कोसळून शेकोटी विझते, दुसरी पेटवण्याइतकी शक्ती बोटांत उरत नाही, आणि माणूस मरतो. ही कथा वर्गात वाचून झाली की एक प्रश्न हटकून येतो: "सर, असल्या थंडीत तो बाहेर पडलाच कशाला?" आपल्या बेळगावात पारा बारा अंशांवर आला की सकाळच्या पहिल्या तासाला निम्मी बाके रिकामी असतात. त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविकच म्हणायचा.

कथेतला माणूस एकच दिवस बाहेर पडला होता. त्याच प्रदेशात नोव्हेंबर ते मार्च रोजच्या रोज बाहेर पडणारी माणसे मात्र शेकडो वर्षे होती आणि थोड्या संख्येने आजही आहेत. मऊ, दाट केसांच्या कातड्यासाठी, म्हणजे फरसाठी, रानटी जनावरे सापळ्यात धरणे हा त्यांचा धंदा. तिकडे त्यांना ट्रॅपर म्हणतात. उन्हाळ्यात, रस्ते मोकळे आणि दिवस वीस-वीस तासांचे असताना हे काम का करत नाहीत, याचे उत्तर जनावराच्या कातडीत आहे.

थंड प्रदेशातल्या केसाळ प्राण्याच्या अंगावर दोन तऱ्हेचे केस असतात. वरचे लांब, राठ आणि चकचकीत. ते पाणी व बर्फ झटकून टाकतात. त्यांच्या बुडाशी आखूड, बारीक, दाट लव असते. खरी ऊब या लवेची, किंवा अधिक नेमके सांगायचे तर लवेत अडकून राहिलेल्या हवेची. उन्हाळ्यात ही लव विरळ होते. शरद ऋतूत ती पुन्हा दाट येऊ लागते. ही वाढ थंडीच्या झटक्याने सुरू होते असे वाटते खरे, पण तिचा इशारा दिवसाच्या लांबीकडून मिळतो. दिवस लहान होऊ लागले की मेंदूतील ग्रंथींचे स्राव बदलतात आणि जुने केस गळून नवे येतात. थंडी उशिरा पडली तरी केस वेळेवर येतात.

केसांची वाढ पुरी झाली की नाही, हे कातड्याच्या आतल्या बाजूवरून कळते. केस वाढत असताना त्यांच्या मुळांशी रंगद्रव्य साठलेले असते, म्हणून कातडे आतून निळसर-काळपट दिसते. वाढ संपली की रंग सारा केसात गेलेला असतो आणि कातडे आतून सायीसारखे पांढरट होते. व्यापारी आधी उलटी बाजू पाहतो ती यासाठीच. मार्टेन आणि लिंक्स यांची फर साधारण नोव्हेंबरअखेर ते जानेवारीत ऐन भरात असते. मार्टेन म्हणजे मुंगसाएवढा, झाडावर चढणारा चपळ प्राणी, आणि लिंक्स म्हणजे रुंद पंजांचे मोठे रानमांजर. फेब्रुवारीनंतर सूर्य वर येतो, केसांचा रंग विटतो, जनावर अंग घासू लागते आणि भाव उतरतो. पाण्यात राहणाऱ्या बीव्हरची फर मात्र हिवाळ्याच्या उत्तरार्धातही उत्तम असते. थोडक्यात, जनावराला स्वतःला ज्या महिन्यांत या कातड्याची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यांत बाजारात त्याला सर्वांत जास्त किंमत. ट्रॅपरला थंडी टाळून चालत नाही, कारण तो जो माल गोळा करतो तो थंडीसाठीच तयार झालेला असतो.

या मालापायी एका खंडाचा नकाशा बदलला, तो इतिहास थोडक्यात सांगतो. सतराव्या शतकात युरोपात बीव्हरच्या लवेपासून केलेल्या नमद्याच्या टोप्यांची फॅशन होती. या लवेच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे केस एकमेकांत गुंतून घट्ट नमदा होतो. १६७० साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने हडसन बे कंपनीला सनद दिली आणि हडसन उपसागराला मिळणाऱ्या साऱ्या नद्यांच्या खोऱ्यांतील व्यापार तिच्या हवाली केला. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास शिकलेल्या आपल्याला ही सनदेची तऱ्हा परकी वाटू नये. कंपनीच्या ठाण्यांवर हिशेब पैशात होत नसे. कातड्यात होत असे. उत्तम प्रतीचे एक बीव्हर-कातडे हे चलन, आणि बंदूक, घोंगडी, किटली यांच्या किमती त्यात ठरत. गंमत अशी की सुरुवातीच्या काळात सर्वांत मोल असे ते वापरलेल्या कातड्यांना. स्थानिक आदिवासींनी वर्षभर अंगावर घातलेल्या झग्यांतील राठ केस झिजून गळालेले असत आणि नुसती लव उरलेली असे. टोपीवाल्यांचे अर्धे काम आयतेच झालेले! एकोणिसाव्या शतकात रेशमी टोप्या आल्या आणि बीव्हरची मागणी उतरली, पण कोट, गळपट्टे, झालरी यांसाठी मार्टेन, लिंक्स, पाणमांजर, कोल्हा यांच्या कातड्यांचा व्यापार चालूच राहिला.

आता ट्रॅपरच्या कामाकडे वळू. त्याची शेती म्हणजे एक वाट. जंगलातून, गोठलेल्या ओढ्यांवरून, तळ्यांच्या काठाने पन्नास, शंभर किंवा त्याहून अधिक किलोमीटर जाणारी ही वाट बहुधा फिरून मूळ ठिकाणी येते. दिवसाच्या चालीच्या अंतरावर ओंडक्यांची छोटी खोपटी असतात आणि प्रत्येकात पत्र्याची शेगडी असते. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९२६ साली अशा वाटांची सरकारी नोंदणी सुरू केली, पुढे इतर प्रांतांनीही केली. वाट एकाच्या नावावर झाली की तो पुढच्या वर्षासाठी जनावरे राखून ठेवतो, ही त्यामागची कल्पना. तिला कारणही तसेच होते, कारण तोवर अनियंत्रित शिकारीने बीव्हर पुष्कळ भागांतून जवळजवळ नाहीसा झाला होता.

डिसेंबरात दिवस चार-पाच तासांचा. माणूस अंधारात उठतो आणि अंधारात पोहोचतो. पायांत लाकडी चौकटीची, चामड्याच्या वादीने विणलेली रुंद पादत्राणे, म्हणजे पाय भुसभुशीत बर्फात रुतत नाहीत. जाणता ट्रॅपर आदल्या दिवशी वाट तुडवून ठेवतो. रात्रीत ती घट्ट होते आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्यांची घसरगाडी तिच्यावरून सहज जाते. १९६० नंतर कुत्र्यांच्या जागी बर्फावरची मोटारगाडी आली. वेग वाढला, एक धोकाही वाढला. कुत्री चालत नसली तरी निदान उबेला असतात. घरापासून चाळीस किलोमीटरवर बंद पडलेले यंत्र काहीच देत नाही. म्हणून गाडीवरही ती जाळीची पादत्राणे बांधलेली असतात.

उणे ४० अंश ही एक चमत्कारिक जागा आहे. सेल्सियस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापे तिथे एक होतात. त्याच्या जरा अलीकडे, उणे ३९ ला, पाराच गोठतो. तापमापीसुद्धा अल्कोहोलची लागते. झाडांतील ओल गोठून खोडे तडकतात आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. पोलाद ठिसूळ होते. कुऱ्हाड आधी आगीजवळ न धरता गोठलेल्या लाकडावर घातली तर धारेचा टवका उडतो. उघडे ओले बोट लोखंडाला लागले तर चिकटते आणि ओढल्यावर कातडी तिथेच राहते. म्हणून हातमोजे दोरीने एकमेकांना बांधून गळ्यात अडकवलेले असतात, आपल्याकडे बालवाडीतल्या मुलांचे असतात तसे. उणे ४५ अंशांत मोजा वाऱ्याने उडून गेला तर तो हरवलेला मोजा नसतो, हरवलेला हात असतो.

पण खरा शत्रू थंडी नव्हे, ओल. नवख्याला वाटते, अंग गरम ठेवण्यासाठी भराभर चालावे. भराभर चालले की घाम येतो, घामाने आतले कपडे भिजतात, आणि माणूस थांबला की तेच कपडे बर्फाचे होतात. जुना ट्रॅपर त्यामुळे संथ चालतो. चढ आला की कपड्यांचा एक थर काढतो आणि थोडे गारठतच चालतो. दुसरी ओल वाटेवर दबा धरून असते. नदीवरच्या बर्फाच्या थरावर हिम साचले की त्याच्या भाराने तो दबतो, फटींतून पाणी वर येते आणि हिमाच्या दुलईखाली न गोठता पसरून राहते. वरून काही दिसत नाही. लंडनच्या नायकाचा घात केला तो अशाच लपलेल्या पाण्याने. पाय भिजला तर जाणकार माणूस पळत सुटत नाही. तो ताबडतोब कोरड्या भुसभुशीत बर्फात पाय रोवतो. टिपकागद शाई टिपतो तसे ते बर्फ पाणी टिपते. मग लगेच आग. बर्चची साल आणि स्प्रूसच्या बुंध्याजवळच्या वाळक्या काटक्या हे त्याचे रॉकेल. जागा मात्र उघड्यावरची.

खाण्याचाही एक सापळा आहे. जंगलात ससे मुबलक असतात, पण हिवाळ्यातल्या सशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. नुसत्या सशांवर राहिलेला माणूस पोट भरभरून खातो आणि तरीही खंगत जातो. मळमळ, जुलाब, न शमणारी भूक अशी लक्षणे दिसतात. नुसत्या प्रथिनांवर शरीर चालत नाही. यकृताला ती पेलत नाहीत. उत्तर ध्रुवाकडे वर्षानुवर्षे राहिलेल्या विल्यल्मुर स्टेफान्सन या संशोधकाने याचे वर्णन केले आहे. आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. बीव्हरची चरबीदार शेपटी तिकडे मेजवानी समजतात ती याच कारणाने.

सापळा लावण्याची कला जनावरागणिक निराळी. मार्टेनसाठी झाडाला एक वासा तिरका टेकवतात, वरच्या टोकाला मासा किंवा मांस बांधतात आणि वाटेत वाशावरच सापळा बसवतात. मार्टेन चढतो, अडकतो आणि लोंबकळत राहतो. त्यामुळे हिमवर्षावात तो गाडला जात नाही आणि उंदीरही फर कुरतडत नाहीत. लिंक्सला वासापेक्षा डोळ्यांचे वेड अधिक. पायवाटेजवळ पिसे किंवा डब्याचे चकाकते झाकण टांगले की तो पाहायला येतो, आणि वाटेवर तारेचा फास असतो. बीव्हर हिवाळाभर बर्फाखाली आपल्या घरात राहतो आणि पाण्यात साठवलेल्या फांद्या खातो. त्याच्यासाठी पहारीने बर्फ फोडून भोक पाडायचे आणि पॉप्लरची ओली फांदी आमिष म्हणून पाण्यात सोडायची. सापळा ज्या खांबाला बांधायचा तो मात्र वाळक्या लाकडाचा हवा, नाहीतर बीव्हर खांबच खाऊन टाकेल! मग भोकावर फांद्या आणि बर्फ टाकून ते झाकायचे, म्हणजे पुन्हा फोडताना कष्ट कमी. या सगळ्यावर डल्ला मारणारा असतो वुल्व्हरीन. हा दणकट जनावर-दरोडेखोर वाटेच्या टोकापासून टोकापर्यंत जाऊन एकेक सापळा रिकामा करतो. त्याच्यावर राग खरा, पण टोपीच्या कडेला झालर लावतात ती त्याच्याच फरची, कारण श्वासाचे दव तिच्यावर गोठले तरी हाताने सहज झटकता येते.

हे वाचताना मला आपल्याकडच्या फासेपारध्यांची आठवण होते. तित्तिर कुठल्या बांधावरून उतरेल हे ओळखून तिथे फास लावणारी ती नजर आणि ही नजर एकच. फरक कायद्याचा. तिकडे वाट नावावर करून मिळाली. इकडे इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा जमातीच गुन्हेगार ठरवल्या, आणि तो डाग कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडले. तिकडेही सगळे आलबेल होते असे मात्र नव्हे. असो.

आता या धंद्यातील अवघड प्रश्न. जुना पोलादी सापळा दोन जबड्यांचा. तो जनावराचा पाय पकडतो, मारत नाही. माणूस येईपर्यंत जनावर तसेच राहते. आणि माणूस कधी येणार हे थंडी ठरवते. उणे ४५ च्या खाली गेले की शहाणा ट्रॅपर खोपट्यातच बसून कातडी साफ करतो, पादत्राणे दुरुस्त करतो. जनावरेही तेच करतात. मार्टेन हिमाच्या थराखाली शिरतो. तिथे वरच्यापेक्षा कितीतरी कमी गारठा असतो. हवा उणे वीसवर आली, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ऊब आली, की सगळे पुन्हा हिंडू लागतात. पण थंडीची लाट येण्यापूर्वीच सापडलेल्या जनावराचे काय? पाय गोठतो, सुटण्यासाठी धडपड होते, आणि शेवटी बहुधा थंडीच त्याला मारते. ज्या थंडीने फर घडवली तीच माणसाला घरात अडकवते आणि तीच बाहेरचे मरण लांबवते किंवा उरकते. या धंद्याची बाजू घेणाऱ्याने एवढे नजरेआड करू नये असे मला वाटते.

हे प्रथम बोचले ते शहरातल्या लोकांनाच, असे नाही. फ्रँक कॉनिबेअर हा कॅनडाच्या उत्तरेतला स्वतः ट्रॅपर. मारणाराच सापळा हवा या ध्यासाने त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा सापळा बाजारात आला. दोन चौकोनी लोखंडी चौकटी कात्रीसारख्या जोडलेल्या. जनावर मधून जाऊ लागले की स्प्रिंगच्या जोराने त्या मानेवर किंवा छातीवर मिटतात. घरातल्या उंदराच्या सापळ्याचेच हे मोठे भावंड. पुढे युरोपीय समुदायाने १९९१ साली जबड्याच्या सापळ्यांविरुद्ध नियम केला, आणि १९९७-९८ मध्ये कॅनडा, रशिया व युरोप यांच्यात सापळ्यांच्या दर्जाविषयी करार झाले. त्यांनुसार मारक सापळ्यात मार्टेन १२० सेकंदांत आणि बहुतेक मोठी जनावरे ३०० सेकंदांत शुद्ध हरपलेली असली पाहिजेत. पूर्वीच्या मानाने ही सुधारणा मोठी आहे. तरी वाचकांनी एकदा घड्याळ समोर ठेवून पाच मिनिटे गप्प बसून पाहावे.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या धंद्याचे एक ऋण मान्य करायला हवे. पाठ्यपुस्तकात लिंक्स आणि ससा यांच्या संख्येचा जो लाटांसारखा आलेख असतो, तो हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या नोंदवह्यांतून आला. चार्ल्स एल्टन आणि मेरी निकल्सन यांनी १९४२ साली शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले की लिंक्सची संख्या सुमारे दहा वर्षांच्या फेऱ्याने चढते-उतरते. आधी ससे वाढतात, मागून लिंक्स वाढतात. मग ससे कोसळतात आणि पाठोपाठ लिंक्सही. हा फेरा केवळ शिकारी प्राण्यामुळे की अन्नाच्या टंचाईमुळे, यावर वाद होता. युकॉनमधील क्लुएन भागात चार्ल्स क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी १९८६ पासून दहा वर्षे प्रयोग करून दोन्ही कारणे मिळून काम करतात असे दाखवले. फळ्यावरचे ते सुबक वक्र म्हणजे कुणीतरी बर्फातून ओढत आणलेल्या कातड्यांची मोजदाद आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.

आज हा धंदा ओसरला आहे. १९८३ साली युरोपीय समुदायाने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर आयातबंदी घातली. इन्युइट लोक पिल्ले मारत नव्हते, ते मोठे सील मारून खात आणि कातडे विकत. पण बाजाराने हा भेद केला नाही. भाव कोसळले आणि बंदुकीची काडतुसे व इंधन विकत घेण्याचे त्यांचे मोठे साधन गेले. हडसन बे कंपनीने १९८७ मध्ये उत्तरेकडील दुकाने आणि फरचे लिलाव विकून टाकले. त्या लिलावांचा वारसा सांगणारे टोरांटोचे लिलावघर २०१९ मध्ये कोर्टकचेरीत गेले, आणि खुद्द कंपनीची उरलेली दुकानेही २०२५ च्या जूनपर्यंत बंद झाली. फरच्या कोटाची कुणाला गरज आहे असे मला वाटत नाही. पण क्री किंवा डेने जमातीच्या माणसाला, ज्याच्या गावात दुसरे रोख उत्पन्न नाही आणि जो बीव्हरचे मांसही खातो, त्याला दुकानातून बूट घेणाऱ्या माझ्यासारख्याने उपदेश करावा, हेही मला जमत नाही.

त्या प्रदेशातला एक रिवाज अजून टिकून आहे. सकाळी खोपटे सोडताना माणूस शेगडीत बर्चची साल, काटक्या आणि सरपण नीट रचून ठेवतो, आणि हाताशी काड्यापेटी ठेवतो. खोपट्याला कुलूप लावत नाहीत. पुढे येणारा कुणी अनोळखी असेल किंवा चार दिवसांनी परतलेला तो स्वतःच असेल. त्याच्या बोटांत कदाचित एकच काडी ओढण्याइतकी शक्ती उरलेली असेल.